न्हाणीतल्या कोऱ्या फळ्या

पनवेल
रविवार, १२ जानेवारी २०२५

डॉ. गुरुदत्त सामंत यांस,

'आदरणीय' लिहिणार होते, पण तो शब्द तीन वर्षं तुमच्या नावामागे लावून पार झिजला आहे. आता नुसत्या नावावर भागवा.

तुमची पुस्तिका मिळाली. माझा भाऊ तौसीफ अब्बांचं प्लायवुडचं दुकान चालवतो, तिथे तुमचा माणूस गठ्ठा ठेवून गेला. तौसीफ दुपारी अम्मीकडे जेवायला येतो. आज त्याने पुस्तिका माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाला, "आपा, हे तुझंच ना?"

मी वाचलं. 'घरातल्या प्लायवुड आणि पार्टिकल बोर्डासाठी बिनविषारी बुरशीरोधक. संशोधन, चाचणी व निरीक्षणं : डॉ. गुरुदत्त सामंत.' तिन्ही तुम्हीच. खाली एका गुबगुबीत बाळाचा फोटो आणि मोठ्या अक्षरात ओळ : 'बाळाने चाटलं तरी निर्धास्त.'

ती ओळ माझी आहे. तुमच्या तळोज्याच्या लॅबमध्ये मुलाखतीला आले तेव्हा तुम्ही विचारलंत, नेमकं काय करायचंय? मी म्हटलं, चाटता येईल असं औषध. तुम्ही हसलात. "फळी कोण चाटतं, मिस मुकादम?" तेव्हा मी तुम्हाला अब्बांचं सांगितलं. अब्दुल मुकादम, मस्कतच्या लाकडाच्या वखारीत एकोणीस वर्षं फळ्यांवर बुरशीचं औषध मारणारा माणूस. सुट्टीवर आले की त्यांच्या बोटांची कातडी कांद्याच्या सालीसारखी सुटलेली असायची, आणि आम्हा पोरांना ते त्या हातांनी भरवायचे नाहीत. चमच्याने भरवायचे. हे ऐकून तुमचे डोळे भरून आले होते. ते तुम्हाला छान जमतं.

गेल्या जुलैत मी एवढंच म्हटलं होतं, की नोंदणीच्या कागदांवर माझंही नाव घाला. "नावात काय आहे, काम महत्त्वाचं," असं म्हणालात. दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमनने माझं कार्ड काढून घेतलं. माझी निरीक्षणांची चार हिरवी रजिस्टरं आत राहिली, मी बाहेर. फोन केला तर तुम्ही नंबर बंद करून ठेवलेला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान बीळ कुणाचं ते छापत नाही.

तुम्हाला वाटत असेल मी रडत बसले असेन. पहिला महिना रडले, खोटं कशाला बोलू. मग ऑगस्टमध्ये माझ्या घरात एक गोष्ट घडली आणि ऑक्टोबर संपेपर्यंत मला तिची खात्री पटली. ती कळली नसती तर मी तुमच्याविरुद्ध कोर्टात गेले असते. आता जाणार नाही. उलट पुस्तिकेवर माझं नाव नाही, याबद्दल मी अल्लाचा शुक्र मानते आहे.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. अम्मीच्या बिस्किटांच्या डब्यात ठेवेन. तुमच्याशी भांडायची मला सवय लागली आहे, ती मोडवत नाही इतकंच.

आफरीन

*

गुरुवार, ६ मार्च २०२५

सामंतसाहेब,

रोजा आहे, इफ्तारला अजून तासभर आहे, आणि भुकेल्या माणसाने खरं लिहावं म्हणतात. अम्मी आत्ताच लोबान फिरवून गेली. तेव्हा आज ती गोष्ट कागदावर घालतेच.

तुम्हाला आठवत असेल, लॅबमधलं ओलाव्याचं कपाट बिघडलं आणि तुम्ही विचारलंत, "तुमच्या घरी एखादी ओल असलेली खोली आहे का?" आमचं घर तळ्यामागे. पावसाळ्यात चपला, पिशव्या, पट्टे, सगळ्याला हिरवी लव येते. तुम्ही येऊन मागची खोली बघितलीत आणि म्हणालात, ही पनवेलमधली सर्वोत्तम प्रयोगशाळा. मग आपल्या औषधात बुडवलेल्या फळ्या मी त्या खोलीत दोरीला टांगल्या. शेजारी कोऱ्या फळ्या, औषध न लावलेल्या, म्हणजे फरक कळावा. आठ दिवसांत कोऱ्यांवर बुरशी धरली. अम्मीने ती बघितली आणि म्हणाली, "ही घाण कुराणाच्या खोलीत नको." माझी आई हव्वाबी घरात एकदा नको म्हणाली की अपील नाही. मी कोऱ्या फळ्या उचलल्या आणि न्हाणीत टांगल्या. रजिस्टरात लिहिलं : 'कोऱ्या वेगळ्या जागी. दोन्हीकडे ओल सारखीच.'

ओल खरंच सारखी होती. पाच वेळा मोजली होती मी.

दोन पावसाळे गेले. खोलीतल्या फळ्या स्वच्छ, न्हाणीतल्या काळ्याहिरव्या. तुम्ही लॅबमध्ये पेढे वाटलेत.

गेल्या ऑगस्टमध्ये तौसीफला मुलगी झाली, हादिया. अम्मी चाळीस दिवस कामोठ्याला त्याच्याकडे गेली. इथे मी एकटी, नोकरी गेलेली, दोरीवर थोड्या फळ्या अजून लटकत होत्या. बाराव्या दिवशी त्यांच्यावर पांढरी लव दिसली. औषध शिळं झालं असेल म्हणून नवं केलं, नव्या फळ्या बुडवल्या. पुन्हा तेच. मी रजिस्टरांशिवाय, निव्वळ आठवणीवर सगळं तीनदा तपासलं. काही चुकत नव्हतं.

मग अम्मी परत आली. गुरुवार होता. तिने निखाऱ्यावर लोबान टाकला, धुपाटणं घेऊन मागच्या खोलीत गेली, दोरीखालून फिरली, ओठांत पुटपुटत बाहेर आली आणि न्हाणीच्या दारापाशी येऊन मागे वळली. लोबान न्हाणीत नेत नाहीत. पाक धूर नापाक जागी कसा न्यायचा? हे मी जन्मापासून दर गुरुवारी बघत आले आहे. त्या दिवशी मी ते पहिल्यांदा बघितलं.

लोबानात जे आम्ल असतं, तेच बाजारातल्या सॉसच्या बाटलीत बुरशी येऊ नये म्हणून घालतात. केमिस्ट्रीच्या कुठल्याही पोराला हे माहीत असतं. मलाही माहीत होतं. दोन पावसाळे, दर गुरुवारी, माझ्या आईने तुमच्या फळ्या राखल्या, आणि मी काखेत कळसा घेऊन गावभर ओल मोजत हिंडले. ऑक्टोबरभर मी नीट करून बघितलं. धूर दिलेल्या फळ्या स्वच्छ. धूर न दिलेल्या, तुमच्या औषधात कितीही बुडवा, हिरव्या.

म्हणजे पुस्तिकेतलं एक वाक्य खरं आहे. तुमचं औषध बिनविषारी आहे. बाळालाही आणि बुरशीलाही.

आणि एक आठवण. तुम्ही फळ्या बघायला आलात तोही एकदा गुरुवार होता. तुम्ही त्या धुरात उभे होतात, खोकलात, अम्मीला म्हणालात, "वा, काय सुवास आहे." चहा घेतलात आणि गेलात. चाचणी व निरीक्षणं : डॉ. गुरुदत्त सामंत.

काल धनेशचा फोन आला होता. तुमच्या लॅबमध्ये बावीस वर्षं बाटल्या धुणारा, फवारणी करणारा धनेश, तुम्ही ज्याला 'अरे' म्हणता तो. त्याने सांगितलं, "ताई, कामोठ्याच्या बालवारीत आपल्या फल्या लावल्या. भिंतीला कंबरेपर्यंत, कपाटा पन. बेचालीस पोरा हायेत." आपल्या, म्हणाला. त्याला वाटतं मी खूश होईन, आणि मी झालेच. पनवेल-कामोठ्याचा पावसाळा जूनमध्ये येतो. तोपर्यंत फळ्या गुळगुळीत दिसतील, तुम्ही आणखी चार ठिकाणी विकाल, आणि मग एकदम सगळीकडे एकाच महिन्यात. मी आज इफ्तारला एक खजूर जास्त खाणार आहे.

सांगणार मात्र नाही. चोरलेली वस्तू बिघडलेली आहे, हे चोराला सांगायचं काम मालकाचं नाही.

आफरीन

*

शुक्रवार, ३० मे २०२५

साहेब,

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. माझ्या दुआ इतक्या लवकर कबूल होतात हे मला माहीत नव्हतं.

बालवाडीतल्या कपाटामागे काळे ठिपके आले आहेत. मुख्याध्यापिका सत्यवतीबाईंनी फडक्याने पुसले, चार दिवसांत पुन्हा आले, मग भिंतीवर आले. धनेशने कळवलं, पण मला ऐकून समाधान होईना. तौसीफला म्हटलं, कामोठ्यातच राहतोस, बघून ये. तो म्हणाला, "आपा, तुला वेड लागलंय." पण गेला आणि खिडकीतून फोटो काढून आणला. मी तो मोबाईलवर मोठा करून करून बघितला, एखादीने नातवाचा बघावा तसा. खालच्या कोपऱ्यात हिरवट पसारा, वर काळे गोल. माझ्या न्हाणीत उगवते तीच जात. मी तिला ओळखते.

तुम्ही दोनदा जाऊन आलात म्हणे. बाईंना सांगितलंत, भिंतीत गळती असेल, बिल्डरला धरा. ते ऐकून मी मनापासून हसले. तुमच्या कपाळावरचा घाम मला इथून दिसतो. आता रजिस्टर काढून बसत असाल. पानं चाळत असाल, माझ्या अक्षरात : ओल सारखीच, ओल सारखीच, ओल सारखीच. कितीही चाळा. लोबान त्यात नाही.

अम्मी म्हणते, हल्ली तू बरी दिसतेस, झोप लागते का? लागते. माणूस अशानेही सुखी होतो हे मला ठाऊक नव्हतं.

एवढी बुरशी आलेल्या खोलीत मुलं बसली तर त्यांना खोकला होईल, हे मला कळतं. पण मुलांना सुट्टी आहे. सोळा जूनला बालवाडी उघडेल, त्याआधी बाई फळ्या उपटून टाकतील, तुमचं नाव बुडेल आणि कुणाचं काही बिघडणार नाही. मी सगळा विचार केलेला आहे.

आफरीन

*

गुरुवार, १२ जून २०२५

मी सगळा विचार केलेला नव्हता.

आज दुपारी धनेश आला. रिक्षावाल्याने त्याला हाताला धरून पायरी चढवली. डोळे सुजून मिटलेले, आणि दोन्ही हात ओल्या पंच्यात गुंडाळलेले. अम्मीने पंचा सोडला. बोटांची कातडी सुटली होती, कांद्याच्या सालीसारखी. अम्मी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या बापाचे हात."

मी विचारलं, काय मारलंस? "ताई, मागच्या गोडावनात त्यो जुना पिंप हाय ना, कवटीवाला. सर बोलले दोन हात मार, बुरशी मरंल, वास आठ दिवसांनी जातोय. पोरा यायच्या आदी खिरक्या उघऱ्या ठेव. हातमोजं फाटलेलं व्हतं. आमी बावीस वर्सा सरांचा आयकताव."

तुमच्या गोडाउनमधलं ते पिंप मला माहीत आहे. आपण दोघांनी मिळून त्याच्यावर 'वापरू नये' अशी चिठ्ठी चिकटवली होती. घरात वापरायला त्या औषधाला बंदी आहे, कारण ते फळीत बसून राहतं आणि महिनोन्महिने हवेत सुटतं. तुम्ही ते बेचाळीस मुलांच्या भिंतीला मारलंत. मुलं डबा खाऊन त्याच भिंतीला डोकं लावून झोपतात.

धनेशला तौसीफसोबत दवाखान्यात पाठवलं. मग अम्मीने विचारलं, "तुला हे होणार ठाऊक होतं?" मी म्हटलं, हे नाही, फक्त बुरशी येणार हे ठाऊक होतं. कधीपासून? ऑक्टोबरपासून. मी बिस्किटांचा डबा आणून तिच्यापुढे ठेवला. तिला वाचता येत नाही, म्हणून तिन्ही पत्रं मी मोठ्याने वाचून दाखवली. खजुराची ओळही वाचली.

ती म्हणाली, "त्या माणसाने तुझं नाव चोरलं, बरोबर. त्या पोरांनी तुझं काय चोरलं होतं?"

आज गुरुवार आहे. तिने लोबान पेटवला नाही.

*

शनिवार, १४ जून २०२५

डॉ. गुरुदत्त सामंत,

हे पत्र तुम्हाला मिळणार आहे. तौसीफ स्वतः तळोज्याला आणून देईल आणि पोच घेईल. सोबत आधीची चार पत्रं आहेत, तारखांसकट, एक ओळही न खोडता. त्यांच्या प्रती काल सत्यवतीबाईंना दिल्या. त्यांनी माझ्यासमोर सगळं वाचून काढलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "म्हणजे मार्चमध्येच तुम्हाला माहीत होतं." मी हो म्हटलं. त्यांनी मला पाणीही विचारलं नाही, आणि ते योग्यच केलं. बालवाडी सोमवारी उघडणार नाही. खोलीला कुलूप लावलं आहे.

धनेशचे डोळे वाचतील असं डॉक्टर म्हणाले. हातांचं सांगता येत नाही.

काल संध्याकाळी तुमचा फोन आला, अकरा महिन्यांनी. "आफरीन," म्हणालात, मिस मुकादम नाही. फवारणी वगैरे काही झालेलीच नाही, धनेश दारू पितो, त्याचं काय ऐकता. धनेशने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, हे बावीस वर्षांत तुम्हाला कळलं नसेल तर निरीक्षणं तुमच्या नावावर आहेत ती उगाच. मग आवाज खाली आणून म्हणालात, औषधावर आपल्या दोघांचंही नाव घालू, तुझा हक्कच आहे, नव्या पुस्तिकेत तुझं नाव आधी.

जुलैत हे वाक्य ऐकायला मिळालं असतं तर मी तुमच्या पाया पडले असते.

तुम्ही देऊ केलेलं नाव मी घेते, साहेब. सोमवारी अकरा वाजता बालवाडीच्या अंगणात पालकांची सभा आहे, तुम्हालाही बोलावणं गेलं आहे. तिथे मी उभी राहून सांगणार आहे, की चाचणी आफरीन अब्दुल मुकादम हिने केली आणि ती चुकली. कोऱ्या फळ्या कुठे होत्या, लोबान कुठे जात होता, कुठे जात नव्हता, सगळं. आणि चूक कळल्यावर ती सात महिने गप्प बसली, कारण तिला एका माणसाचं वाटोळं झालेलं बघायचं होतं. यापुढे मला कुठल्याही लॅबमध्ये कुणी उभं करणार नाही, हे मला समजतं. मागच्या खोलीत नव्या फळ्या टांगल्या आहेत, लोबानातलं ते आम्ल मिसळलेल्या. या वेळी कोऱ्या त्याच दोरीवर आहेत आणि अम्मी यापुढे धूर परसात देणार आहे. दोन पावसाळे गेल्याशिवाय मी त्याबद्दल तोंड उघडणार नाही. उघडलं तरी ऐकायला कोण येणार, ते बघू.

माझं झालं की तुमची पाळी. चाचणी आफरीनची होती म्हणालात, तर पुस्तिका चोरीची ठरते. चाचणी तुमची होती म्हणालात, तर चूक तुमची. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे उभं राहायला जागा मी ठेवलेली नाही. तुम्ही तिसरंच काही बोलाल हेही मला ठाऊक आहे. फवारणी झालीच नाही, फळ्यांवर आमच्या बिनविषारी औषधाशिवाय काही नाही, हे पालकांना तुम्ही फार छान सांगाल, कदाचित डोळेही भरून आणाल. तपासणीचा अहवाल यायला पंधरा दिवस लागतात आणि पंधरा दिवसांत तुम्ही काय काय कराल ते मी जाणते.

म्हणून सत्यवतीबाईंनी सुताराला बोलावून त्या भिंतीचा वीतभर तुकडा कापून घेतला आहे. पंचांसमोर पुडक्यात बांधला, वर सह्या झाल्या. मुलांच्या डोक्याच्या उंचीवरचा आहे. अहवालासाठी वेगळा पाठवला, हा सभेसाठी. तुम्ही बोलायला उभे राहिलात की मी तो टेबलावर तुमच्यापुढे ठेवणार आहे, शेजारी तुमची पुस्तिका, बाळाच्या फोटोचं पान उघडून.

बेचाळीस घरांची माणसं समोर असतील. धनेशची बायकोही येणार आहे.

तुम्हाला काहीच सिद्ध करायला नको, सर. फक्त चाटून दाखवा.

आफरीन अब्दुल मुकादम